प्रधानपद: कमावलेलें आणि वारशानें आलेलें

राज्यकारभारांतील मोठीं पदें योग्यता पाहून द्यावींत कीं कूळ पाहून द्यावींत, हा प्रश्न आतां सुटला आहे असें पुष्कळांस वाटतें. कायद्यापुरता तो सुटला आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु लोकांच्या मनांतून तो गेला आहे काय, ह्याविषयीं आम्हांस संशय आहे. एखाद्या संस्थेचा चालक वारला कीं त्याच्या जागीं त्याच्या घरचाच कोणी बसावा, हें अद्यापि आपणांस स्वाभाविक वाटतें. आणि तसें कोणी नसेल तर ज्याची थैली जड त्याजकडे आपण वळतों. ह्या दोन्ही खोडींचें मूळ शोधूं गेल्यास आपल्याच इतिहासांतील एका मोठ्या पुरुषाचें चरित्र डोळ्यांपुढें येतें. मराठी राज्याचे पेशवे, म्हणजे मुख्य प्रधान, बाळाजी विश्वनाथ भट हे ते पुरुष होत.

बारामती-इंदापूरच्या आमच्या वाचकांस हें चरित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. बाळाजीपंतांची कन्या भिऊबाई ही बारामतीच्या नाइक जोशी सावकारांच्या घरीं, आबाजी नाइकांस दिलेली होती. बाळाजीपंतांवर जो सर्वांत अपमानाचा प्रसंग ओढवला तो पाटसच्या टापूंत. आणि त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं त्यांच्या पदावर हक्क सांगणारा जो प्रतिस्पर्धी उभा राहिला, तोहि बारामतीचाच. तेव्हां हें आपल्या रस्त्यावरचें व आपल्या पेठेंतलें प्रकरण आहे.

बाळाजीपंतांचें घराणें कोंकणांतलें. श्रीवर्धन व दंडाराजपुरी येथील देशमुखीचें वतन त्यांच्याकडे चालत आलें होतें, आणि तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालीं होता. सिद्दी व मराठे ह्यांचें वैर पेटलेलें असतां किनाऱ्यावरील वतनदारांकडे सिद्दी संशयानें पाहूं लागला, आणि भटांस घरदार व वतन सोडून घाटावर यावें लागलें. वेळासचे भानू त्यांच्याबरोबर निघाले. मिळेल ती भाकरी दोन्ही घरांनीं वांटून खावी असा त्यांच्यांत करार झाला होता, असें परंपरेनें सांगतात; पुढें पेशवाईची फडणिशी भानूंकडे गेली ती ह्याच ऋणानुबंधानें, आणि नाना फडणीस हे त्याच कुळांतले. वतन गेलें हें त्या वेळीं मोठें संकट वाटलें असेल. परंतु बापजाद्यांचें उत्पन्न हातचें गेलें म्हणूनच ह्या पुरुषास अंगच्या गुणांवर उभें राहावें लागलें, हें विसरतां कामा नये.

ते गुण तरवारीचे नव्हते. घोड्यावर बसण्यांतहि त्यांस फारशी गति नव्हती, असें जुन्या लेखकांनीं लिहून ठेवलें आहे. त्यांचें शिक्षण झालें तें दप्तरांत. आरंभीं त्यांनीं मिठाच्या कामावर कारकुनी केली असें सांगतात; पुढें रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या हाताखालीं ते वसुलाच्या कामांत शिरले. १६९९ पासून १७०२ पर्यंत ते पुण्याचे सरसुभेदार होते व १७०४ पासून १७०७ पर्यंत दौलताबादेकडील काम त्यांजकडे होतें. त्या वेळीं औरंगजेब बादशहा दक्षिणेंत तळ देऊन बसला होता. एकाच खेड्यावरून आज मोगलांची फौज जावी व उद्यां मराठ्यांची, अशी दशा. अशा दिवसांत ज्याच्याकडे वसुलाचें काम असेल त्यास कोणत्या परगण्यांत किती रयत उरली, कोणाच्या शब्दावर ती परत येईल, आणि कोणता सावकार कोणाच्या जामिनकीवर पैसा सोडील, हें सर्व ठाऊक असावें लागे. बाळाजीपंतांस तें ठाऊक झालें, आणि हीच त्यांची खरी दौलत ठरली.

१७०७ सालीं औरंगजेब मरण पावला. संभाजीमहाराजांचे पुत्र शाहू हे १६८९ पासून मोगलांच्या कैदेंत होते. त्यांस बादशहाच्या मुलानें सोडून दिलें, परंतु मातोश्री येसूबाई ह्यांस ओलीस ठेवून घेतलें. शाहू दक्षिणेंत येतांच ताराबाईंनीं ते तोतया आहेत असें ठरवून सेनापति धनाजी जाधव ह्यांस त्यांजवर पाठविलें. जी भीमा पुढें इंदापुराच्या शिवेवरून वाहते, तिच्याच कांठीं वरच्या अंगास खेड येथें १७०७ च्या आक्टोबरांत गांठ पडली, आणि धनाजी लढण्याऐवजीं शाहूंस मिळाले. त्यांचें मन वळविण्यांत त्यांचे कारभारी बाळाजीपंत ह्यांचा मोठा हात होता. १७०८ च्या जानेवारींत शाहूंस साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

अभिषेक झाला खरा, पण राज्य कोठें होतें? किल्ले निरनिराळ्या सरदारांच्या हातीं, खजिना रिकामा, आणि ताराबाईंचा पक्ष उभा. त्याच वर्षीं धनाजी वारले व त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापति झाले. शाहूंनीं बाळाजीपंतांस सेनाकर्ते अशी पदवी देऊन नवी फौज उभारण्यास सांगितलें. बापाच्या हाताखालचा कारकून आपल्या बरोबरीस आला हें चंद्रसेनास सोसलें नाहीं. १७११ त एका हरणाच्या शिकारीवरून निमित्त झालें व सेनापतीच्या स्वारांनीं बाळाजीपंतांचा पाठलाग केला. सासवड, पुरंदर व शेवटीं पांडवगड असा त्यांस जीव घेऊन आसरा शोधावा लागला. शाहूंनीं त्यांस अंतर दिलें नाहीं. तेव्हां चंद्रसेन ताराबाईंकडे गेला व पुढें मोगलांचा चाकर झाला. धनाजीसारख्या वीराचा मुलगा पित्याच्या पदावर बसला आणि तीन वर्षांत तें पद टाकून शत्रूच्या दारीं जाण्याच्या वाटेस लागला. वंशपरंपरेचा गुण व दोष ह्यांचा हा पहिला धडा बाळाजीपंतांच्या डोळ्यांदेखत घडला होता.

ह्यापुढचा प्रसंग आपल्या प्रांतांतला. पाटसच्या बाजूस हिंगणगांवीं दमाजी थोराताची गढी होती, आणि सुपें-पाटसच्या मुलुखावर त्याची जरब होती. तो शाहूंस जुमानीत नसे. त्यास वळविण्यासाठीं बाळाजीपंत गेले असतां त्यानें बेलभंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्यांस कुटुंबासह गढींत बोलाविलें आणि आंत येतांच कैद केलें. पत्नी राधाबाई, बाजीराव व चिमाजी हे लहान मुलगे आणि सासवडचे आबाजी पुरंदरे हेहि त्यांत सांपडले. खंडणी न मिळाल्यास राखेचे तोबरे तोंडास बांधण्याची धमकी देण्यांत आली. अखेर शाहूंनीं पैसा भरून त्यांस सोडविलें. १७१८ च्या सुमारास हिंगणगांवची गढी पाडून जमीनदोस्त करण्यांत आली. पण ह्या प्रकरणाचा खरा बोध निराळा आहे. ज्या मुलुखांत देवाची शपथ खोटी ठरते, तेथें व्यापाऱ्याची हुंडी कशी खरी ठरावी? पुणें-पाटस-सुपें ह्या वाटेनें आपले पूर्वज माल नेत आणीत असतील. त्यांस राजा कोण आहे ह्यापेक्षां रस्ता सुरक्षित आहे कीं नाहीं ह्याची चिंता अधिक असली पाहिजे. बाळाजीपंतांचें कार्य लहानमोठ्या सर्वांस हवेंसें वाटलें ह्याचें कारण हेंच.

तें कार्य पैशावांचून होणें शक्य नव्हतें. फौजेस रोजमुरा हवा, आणि रोजमुऱ्यास सावकार हवा. चासचे महादजी कृष्ण जोशी व बारामतीचे नाइक ह्यांसारख्या सावकारी घराण्यांशीं बाळाजीपंतांचा जो संबंध जुळला तो केवळ व्यवहाराचा राहिला नाहीं. चासच्या जोश्यांची कन्या काशीबाई ही त्यांची सून झाली, आणि त्यांची भिऊबाई बारामतीस गेली. राजकारणाच्या दृष्टीनें हे संबंध उपयोगीं पडले असतील. परंतु ज्या मुलींच्या विवाहांनीं ही पत बांधली गेली त्यांचें मत त्या काळच्या रिवाजाप्रमाणें कोणीं विचारलें नाहीं, हें आम्हांस येथें नमूद करणें भाग आहे. सावकारांनीं पैसा दिला तो मात्र नुसत्या सोयरिकीवर नव्हे. वसूल कोठून व कधीं येईल हें ज्यास नेमकें सांगतां येतें, त्यासच कर्ज मिळतें. हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

१७१३ सालीं कान्होजी आंग्रे ह्यांनीं लोहगड घेतला व त्यांजवर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांसच कैद केलें. राज्याचा मुख्य प्रधान शत्रूच्या बंदींत, अशी ही वेळ. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत शाहूंनीं पुण्याजवळ मांजरी येथें बाळाजीपंतांस पेशवेपदाचीं वस्त्रें दिलीं. नव्या पेशव्यांनीं आंग्र्यांशीं लढाई न करितां बोलणें लावलें. १७१४ च्या आरंभीं तह झाला. कान्होजींनीं शाहूंस धनी मानिलें, पिंगळ्यांस सोडलें, आणि त्यांचें सरखेलपद व किल्ले त्यांजकडे कायम राहिले. एका माणसाच्या शहाणपणानें मराठ्यांचें आरमार राज्याच्या पक्षास आलें. पराभूत झालेल्या शत्रूचा सूड न घेतां त्यास कामाला लावणें, ही बाळाजीपंतांची हातोटी होती.

सर्वांत मोठा व्यवहार १७१८ चा. दिल्लीस बादशहा फर्रुखसियर व सय्यद बंधू ह्यांचें वांकडें आलें होतें. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेन अली ह्यास मराठ्यांचें साहाय्य हवें होतें. शंकराजी मल्हार ह्यांच्या मध्यस्थीनें करार ठरला: शिवाजीमहाराजांचें स्वराज्य शाहूंचें म्हणून मान्य व्हावें, दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई व सरदेशमुखी त्यांस मिळावी, येसूबाई व इतर मंडळी सोडली जावीत, आणि मोबदल्यांत शाहूंनीं १५,००० स्वार चाकरीस द्यावे व वर्षास १० लाख रुपये भरावे. बादशहा हा करार मानीना. तेव्हां बाळाजीपंत फौजेसह हुसेन अलीबरोबर दिल्लीस गेले. १७१९ च्या फेब्रुवारींत फर्रुखसियर पदच्युत झाला. त्या दंग्यांत दीड-दोन हजार मराठे मारले गेले. संताजी भोसले व नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे त्यांतच पडले. मार्चमध्यें नव्या बादशहाच्या नांवें सनदा हातीं आल्या, आणि त्याच वर्षीं येसूबाई जवळजवळ तीस वर्षांच्या बंदिवासानंतर साताऱ्यास आल्या.

ह्या सनदांचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. सहा सुभ्यांचें उत्पन्न कागदोपत्रीं सुमारें १८ कोटी रुपये धरलें होतें. प्रत्यक्ष वसूल त्याहून पुष्कळच कमी. शंभर रुपयांच्या उत्पन्नावर २५ चौथाईचे व १० सरदेशमुखीचे. सरदेशमुखी राजाचें वतन म्हणून सर्वस्वीं राजाची. चौथाईच्या प्रत्येक शंभरांत २५ बाबती म्हणून राजाचे, ६ साहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, ३ नाडगौंडा म्हणून राजाच्या मर्जीनें द्यावयाचे, आणि उरलेले ६६ सरदारांनीं फौजेच्या खर्चास घ्यावयाचे. एका सरदाराचा हिस्सा एकाच प्रांतांत न देतां अनेक ठिकाणीं विखरून दिला, म्हणजे कोणी एकटा स्वतंत्र होऊं नये व सर्वांचें हित एकमेकांत गुंतून राहावें. लेखणीच्या माणसानें तरवारीच्या माणसांस बांधण्याची ही युक्ति होती, आणि कांहीं काळ ती लागूहि पडली.

परंतु ह्या युक्तीचें दुसरें अंग झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एका शेतावर मोगलांचा अंमलदार व मराठ्यांचा कमाविसदार असे दोघे उभे राहिले. रयतेस दोन धनी झाले व दाद घेण्यास एकहि उरला नाहीं. हिशोब इतका गुंतागुंतीचा झाला कीं तो ज्यांस कळे त्या थोड्या कुळांच्या हातीं दप्तर कायमचें राहिलें. आणि सरदारांस मुलूख कमावून दिला तो त्यांच्या मुलानातवांचा होऊन बसला. ज्या सुधारणेनें राज्य उभें राहिलें, तिच्या पोटांतच त्याच्या फुटीचें बीज होतें.

दिल्लीहून परतल्यावर १७२० च्या एप्रिलांत बाळाजीपंत सासवड येथें वारले. शाहूंनीं त्याच महिन्यांत पेशवेपद त्यांचे पुत्र बाजीराव ह्यांस दिलें. बाजीराव त्या वेळीं वीस वर्षांचेहि नव्हते. दरबारांतील वृद्धांचा विरोध होता, पण निवड इतकी उत्तम ठरली कीं पद्धत चुकीची आहे हें कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं.

बरोबर पुढच्या वर्षीं, १७२१ च्या एप्रिलांत, इंग्लंडांत रॉबर्ट वॉलपोल ह्यांजकडे खजिन्याचें मुख्यपद आलें. इंग्लंडचा पहिला मुख्य प्रधान म्हणून इतिहास त्यांचेंच नांव घेतो. दोघांच्या चरित्रांतील साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे. वॉलपोल हेहि मुळांत हिशोबाचे गृहस्थ; १७१२ त लांचेच्या आरोपावरून त्यांस लंडनच्या टॉवरांत कैद भोगावी लागली होती; आणि १७२० त साउथ सी कंपनीचे भाग कोसळून हजारों घरें बुडालीं तेव्हां सरकारची पत सांवरण्यासाठीं देशास त्यांची आठवण झाली. ते साधुपुरुष नव्हते. देणग्या व नेमणुका वांटून मतें राखण्यांत ते निपुण होते. तरी एक भेद राहतो. १७४२ त पार्लमेंटांतील मतांचा कौल उलटतांच, राजाची मर्जी असूनहि, त्यांस पद सोडावें लागलें, आणि तें त्यांच्या मुलाकडे गेलें नाहीं. माणसें आपल्याकडे कमी प्रतीचीं नव्हतीं. माणूस गेल्यावर त्याच्या जागीं कोण, हें विचारणारी सभा मात्र आपल्याकडे नव्हती.

ह्याचा प्रत्यय १७४० त आला. त्या वर्षाच्या एप्रिलांत बाजीराव नर्मदेकांठीं वारले. बारामतीचे बाबूजी नाइक हे आबाजी नाइकांचे भाऊ, म्हणजे पेशव्यांच्या सोयऱ्यांपैकींच. आणि बाजीरावांच्या मोठ्या धनकोंपैकीं एक. रघूजी भोसल्यांनीं त्यांचें नांव पेशवेपदास पुढें केलें व त्यासाठीं शाहूंस मोठी रक्कम देऊं केली. शाहूंनीं ती नाकारून बाजीरावांचे पुत्र बाळाजी, म्हणजे नानासाहेब, ह्यांस वस्त्रें दिलीं. कऱ्हेकांठचा बाबूजी नाइकांचा वाडा व त्यांनीं मोरोपंतांस दिलेला आश्रय ह्यांमुळें बारामतीकरांस त्यांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या दिवशींच्या झगड्याकडे नीट पाहा. एका बाजूस रक्ताचा हक्क, दुसऱ्या बाजूस पैशाचा हक्क. योग्यतेच्या बाजूनें बोलणारा कोणीच नाहीं. वतन गमावून कारकून झालेल्या बाळाजीपंतांनीं जें पद मिळविलें होतें, तें सत्तावीस वर्षांत पुन्हां वतन होऊन बसलें.

पुढें थोरल्या माधवरावांसारखा पुरुष त्या कुळांत निघाला हें महाराष्ट्राचें भाग्य. पण भाग्य म्हणजे व्यवस्था नव्हे. १७७३ त नारायणरावांचा त्यांच्याच वाड्यांत खून झाला, घरचाच मनुष्य त्यांच्या जागेवर बसला, आणि १७७४ त चाळीस दिवसांच्या बालकासाठीं प्रधानपदाचीं वस्त्रें आणावीं लागलीं. पाळण्यांतील मुलास मुख्य प्रधान करणें ज्या पद्धतींत शक्य होतें, ती १८१८ त संपली ह्याचें नवल काय? दुसऱ्या बाजीरावांस सर्व दोष देऊन आपण मोकळे होतों. परंतु त्यांस त्या जागीं बसविलें तें ह्याच पद्धतीनें.

बाळाजी विश्वनाथांचें स्मरण करावयाचें तर त्यांच्या कुळाचें नव्हे, त्यांच्या उमेदवारीच्या वर्षांचें करावें. मुलुखाची माहिती, हिशोबाची स्वच्छता, दिल्या शब्दाची पत, आणि विरोधकास आपलासा करण्याची शक्ति, ह्या चार गोष्टींवर ते चढले. आपल्या गांवच्या नगरपालिकेंत, बाजार समितींत, पतपेढींत किंवा शाळेच्या मंडळांत एखादी जागा रिकामी झाली म्हणजे ह्याच चार गोष्टींची विचारपूस आपण करतों काय? मोठ्या घरचा तरुण लायक असेल तर केवळ घराण्यासाठीं त्यास नाकारावें असें आमचें म्हणणें नाहीं. बाजीराव व माधवराव हेहि पेशव्यांचेच पुत्र होते. आमचें म्हणणें इतकेंच कीं त्यानें इतर उमेदवारांबरोबर रांगेंत उभें राहावें, त्याचा हिशोब सर्वांनीं पाहावा, आणि मीठ तोलणाऱ्या कारकुनाच्या मुलासहि, आणि मुलीसहि, त्याच रांगेंत त्याच्या शेजारीं उभें राहतां यावें. त्या काळच्या लोकांस हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपणांस ती मतपत्रिकेच्या व सभेच्या रूपानें मिळालेली आहे. ती न वापरल्यास दोष कोणत्याहि पेशव्यावर ढकलतां येणार नाहीं.